गडगडाटाच्या पत्र्यामागचा आवाज

मी एक जुना पत्रा आहे. हसलात ना? मला ठाऊकच होतं. मित्रांनो, पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे छप्पर येतं, नाहीतर गळका डबा. माझं तसं नाही हं. मी गडगडाटाचा पत्रा आहे. नाटकात आभाळ गडगडतं ना, ते आभाळ म्हणजे मी! दोन पुरुष उंच, दोन हात पसरावेत एवढा रुंद आणि जाडीला जेमतेम पुठ्ठ्याएवढा. नाट्यशाळेच्या रंगमंचाशेजारी, उजव्या विंगेत, तुळईला दोन दोरांनी मी टांगलेला आहे. खालच्या कडेला एक लाकडी पट्टी ठोकलेली आहे. ती धरून मला हलवलं की शेवटच्या रांगेतली माणसं छत्री चाचपायला लागतात. ही बढाई नाही, असं खरंच झालेलं आहे.

माझा जन्म एका पत्र्यांच्या कारखान्यात झाला. माझी पाण्याची टाकी करायची असं मालकाने ठरवलं होतं. पण रुळांमधून लाटून निघताना मी एका अंगाने पातळ झालो, आणि मालकाने मला भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे मी तीन वर्षं नुसता उभा होतो. येणारा-जाणारा माझ्यावर हात पुसायचा. मग एकदा नाट्यशाळेचे सुतारकाका खिळे घ्यायला आले आणि त्यांचा कोपर मला लागला. मी आपला सहज कुरकुरलो. सुतारकाका थबकले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून हलवलं, आणि कारखान्यातली सगळी माणसं कामं टाकून आभाळाकडे बघायला लागली. "अरे, हा तर बोलतो!" असं म्हणून सुतारकाका पोट धरून हसले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं कौतुक केलं होतं. मी त्यांच्या खांद्यावरून मोठ्या दिमाखात नाट्यशाळेत आलो.

त्या काळी ही शाळा फक्त मुलग्यांची होती. दारावर तशी पाटीच होती, काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत: 'येथे फक्त मुलगे शिकतील.' नाटकात बायकांच्या भूमिकाही मुलगेच करायचे. अकरा वर्षांची पोरं यायची आणि अठराव्या वर्षी नट होऊन बाहेर पडायची. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, कडक शिस्तीचे. इस्त्रीचा पांढरा रुमाल घडी करून खिशात ठेवायचे. त्यांची घडी आणि त्यांचा शब्द, दोन्ही कधी मोडलेलं मी पाहिलं नाही.

या शाळेत दोन चाली होत्या. त्या समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली चाल निळ्या फितीची. तेरा-चौदा वर्षांचा झाला की मुलाचा आवाज फुटतो, हे तुम्हाला माहीत आहे. काल कोकिळेसारखा गाणारा पोरगा आज बेडकासारखा डरावतो. अशा वेळी गळा ताणला तर आवाज कायमचा बिघडतो, असं आमच्या आवाजाच्या मास्तरांचं म्हणणं होतं. म्हणून दर सोमवारी मास्तर सगळ्या मुलांना विंगेत, माझ्यासमोर उभं करायचे आणि एकेक ओळ बोलायला लावायचे. ज्याचा आवाज फुटला त्याच्या दंडावर निळी फीत. फीत बांधली की सहा महिने रंगमंचावर चकार शब्द काढायचा नाही. मग तो मुलगा करणार काय? माझी पट्टी धरणार! असे कितीतरी 'फुटलेले' माझ्या हाताखालून गेले. काही तर मला असं बदडायचे, जणू त्यांचा आवाज मीच चोरलाय.

दुसरी चाल रुमालाची. दरवर्षी शेवटच्या सत्रात एकच नाटक व्हायचं, दीपगृहाच्या राखणदाराचं. वादळात दीपगृहाचा दिवा विझतो. राखणदाराचा मुलगा होडीत आहे. मग म्हातारा कठड्यावर उभा राहून नुसत्या आवाजाने होडी किनाऱ्याला आणतो. ही भूमिका कुणाला द्यायची ते माझ्यावरून ठरे. मास्तर मला जीव खाऊन हलवत. मोठे सर शेवटच्या रांगेत बसत. माझ्या गडगडाटातून ज्याचा शब्द त्यांना ऐकू जाई, त्याच्यासाठी ते रुमाल वर करत. प्रत्येकाला तीन संधी. आणि एकदा वर गेलेला रुमाल खाली घ्यायचा नाही, हा शाळेचा पाटीइतकाच जुना नियम होता.

आता मास्तरांबद्दल एक गुपित सांगतो. सोमवारी मुलं बोलत तेव्हा मास्तर आपला उजवा तळहात माझ्यावर ठेवून उभे राहायचे. मुलांना वाटे, ही म्हाताऱ्याची सवय. मला मात्र कळलं होतं. माणूस समोर बोलला की मी थरथरतो, अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारं. जाड आवाजाला मी खालून थरथरतो, बारीक आवाजाला वरून. मास्तर ते हाताने वाचत होते. कारण एकदा त्यांच्या मागे खिळ्यांचं अख्खं पिंप उलटलं, आम्ही सगळे दचकलो, आणि मास्तरांनी मानसुद्धा वळवली नाही. आवाजाच्या मास्तरांना ऐकूच येत नव्हतं! समोरच्याच्या ओठांवरून आणि माझ्या अंगावरून ते सगळं निभावून नेत होते. हे कळलं तर नोकरी गेलीच. मी कुणाला बोललो नाही. मला बोलायला कुणीतरी हलवावं लागतं, हेही खरंच आहे म्हणा.

अशा या शाळेत काडी आली.

मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव काडीपैलवान ठेवलं. मनगटं बोटाएवढी, कान मोठे, डोक्यावर केसांचे नुसते खुंट. पुढे नुसतं काडी राहिलं. सगळे तिला मुलगा समजत होते, मीही समजत होतो. पहिल्या रविवारी तिला भेटायला एक मुलगा आला आणि दोघं माझ्यामागच्या खोक्यावर बसली. माझ्यामागे बसून बोललेलं मला सगळं कळतं.

"दादा, तू खरंच परत येणार नाहीस ना?" काडीने विचारलं.

"शपथ घेऊन सांगतो. मला नुसती ती पाटी बघूनच उलटी झाली," दादा म्हणाला. "मामाच्या दुकानात घड्याळं उघडून बसतो, तिथे मला कुणी बोल म्हणत नाही. सुखात आहे मी. पण तू पकडली गेलीस तर?"

"पकडली गेले तर गेले. पण दादा, इथे ना, बोलायला शिकवतात!"

ती हे अशा काही थाटात म्हणाली, की जणू कुणी तिला उडायला शिकवत होतं. तेव्हा मला कळलं की ही मुलगी आहे.

झालं होतं ते असं. शाळेची माणसं गावोगाव फिरून मुलं निवडायची. दादाने एक उतारा म्हणून दाखवला आणि तो निवडला गेला. उतारा त्याला शिकवला होता धाकट्या बहिणीने, चूल फुंकता फुंकता. शाळेत दाखल व्हायच्या दिवशी ती त्याची ट्रंक उचलायला बरोबर आली होती. नुकतीच तापातून उठली होती, केस कापलेले, अंगात दादाचा जुना कोट, हातात शाळेचं पत्र. दादा दाराशी आला, पाटी वाचली आणि कोपऱ्यात जाऊन ओकायला लागला. रखवालदाराने बाहेर डोकावून पाहिलं. एकाच्या हातात पत्र होतं, दुसरा ओकत होता. "चल रे पोरा आत, गाद्या संपतील," असं म्हणत त्याने पत्रवालीलाच आत ओढलं. तिने एकदा मागे पाहिलं. दादाने हात हलवला, जा म्हणून. बस, एवढंच. आई रुग्णालयात कपडे धुवायची. तिला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली म्हणे. मग उठली आणि दादाच्या मापाच्या दोन विजारी आखूड करायला घेतल्या.

तीन वर्षं काडीने काय काम केलं म्हणून सांगू! राजकन्या तीच, सावत्र आई तीच, वेडी म्हातारीही तीच. "हा मुलगा बायकांचं काम इतकं हुबेहूब कसं करतो?" असं लोक विचारत आणि सुतारकाका अभिमानाने म्हणत, "आमच्याकडे शिकवतातच तसं." मला आतल्या आत हसू येई. पण खरं सांगतो, मुलगी म्हणून तिला ते जमत होतं असं नाही. पहिल्या वर्षी तर चालण्याच्या तासाला तिलाच सगळ्यात जास्त ओरडा बसला. "बाई अशी चालते होय रे? कंबरेत जरा लचक हवी!" तिची आई कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ताठ चालायची आणि ती तशीच चालत होती. मग बिचारी मुलग्यांकडून बाईसारखं चालायला शिकली.

ती बोलायची तेव्हा मात्र मी गप्प होऊन ऐकायचो. शेकडो मुलांचे आवाज माझ्या अंगावरून गेले होते. बहुतेक आवाज येऊन आपटतात आणि परत जातात. हिचा आवाज यायचा आणि राहायचा. ती विंगेतून बाहेर गेली तरी मला कितीतरी वेळ तो अंगात जाणवायचा. असं का होतं ते मला आजही कळलेलं नाही.

ती चौदा वर्षांची झाली. बरोबरीची सगळी पोरं एकामागून एक फुटली, निळ्या फिती बांधून हिंडायला लागली. एकटी काडी तशीच. आधी थट्टा सुरू झाली, मग कुजबुज. एका सोमवारी मोठे सर स्वतः विंगेत आले.

"मास्तर, या मुलाचा आवाज अजून कसा बदलला नाही? काही दुखणं तर नाही? पुढच्या सोमवारी डॉक्टर येतायत. तपासून घेऊ त्याला."

डॉक्टरांनी तपासलं की संपलंच. ट्रंक उचलून घरी.

त्या रविवारी दादा आला तो देवासारखा. कारण दादाचा स्वतःचा आवाज नुकताच फुटला होता. काडीने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "आईने कपडे दिलेत," आणि त्यातला 'कपडे' असा काही किंचाळून वर गेला की काडी खोक्यावरून खाली पडायचीच बाकी होती.

"दादा! हे मला शिकव!"

"हे? हे काय शिकवायचंय? ही तर फजिती आहे माझी!"

"तीच मला हवीय."

दुपारभर माझ्यामागे ती दोघं बेडकं होऊन बसली होती. दादा एक वाक्य बोले, ती त्याच्यासारखं बोले, कुठे घसरायचं, कुठे चिरकायचं, कुठे लाजून खोकायचं. मी इतका थरथरत होतो की सुतारकाका येऊन दोर तपासून गेले.

सोमवार उजाडला. डॉक्टर रंगमंचाच्या पायऱ्यांवर पिशवी घेऊन बसले होते, मोठे सर शेजारी. मास्तरांनी तळहात माझ्यावर ठेवला. काडी समोर आली आणि बोलली. काय सुंदर चिरकली म्हणता! मुलं खो खो हसली, मोठ्या सरांनीही मान डोलावली. कानांना ते अगदी खरं होतं. पण मी कान नाही ना. खरा फुटलेला आवाज माझ्या खालच्या कडेला धक्के देतो. हिचा आवाज वरच होता, सबंध, जसाच्या तसा, नुसता अडखळायचं नाटक करत होता. आणि मास्तरांचा तळहात माझ्यावर होता.

मास्तरांची बोटं एकदा दबली. ते काडीकडे बघत राहिले. मास्तरांना आत्ता कळलं असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना हे तीन वर्षांपूर्वी, पहिल्या सोमवारीच कळलं होतं.

त्यांनी खिशातून निळी फीत काढली आणि तिच्या दंडावर बांधली. "फुटला," ते म्हणाले. "सहा महिने गप्प." डॉक्टरांनी पिशवी उचलली आणि ते चहा प्यायला गेले.

मित्रांनो, ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. काडीने माझी पट्टी धरली आणि पहिल्यांदा मला कुणी विचारलं, तुला काय काय येतं? म्हणजे तोंडाने नव्हे, हाताने विचारलं. तोवर मला एकच गडगडाट येतो असं सगळ्यांना वाटायचं, मलाही. तिने मला नुसतं करंगळीने ढकलून पाहिलं, तर डोंगरापलीकडचा मेघ निघाला. कडेला पकडून सोडलं, तर वीज पडून गेल्यावरची शांतता थरथरली. एकदा तर तिने माझ्यातून निघून जाणारं वादळ काढलं, हळूहळू लांब जाणारं. सुतारकाका रंधा खाली ठेवून म्हणाले, "बाप रे! मीच आणला याला, आणि मलाच ठाऊक नव्हतं." मला तर रडूच येणार होतं. पत्र्याला रडता येत नाही, गंज चढतो, म्हणून आवरलं.

एके दिवशी तिने मला जोरात हलवलं तेव्हा मास्तर पाठ करून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. अख्खं नाट्यगृह हादरलं, मास्तर मात्र शांतपणे चष्मा पुसत राहिले. काडीचे हात थांबले. ती बघतच राहिली. मास्तर वळले, त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं की हिला कळलं. त्या दिवसापासून मास्तरांना कुणी मागून हाक मारली की काडी पुढून भुवई उडवायची आणि मास्तर मागे वळायचे. मोठ्या सरांना वाटायला लागलं, मास्तरांचे कान या वयात किती तिखट झालेत!

दुपारी सगळे जेवायला गेले की ती माझ्याजवळ यायची, गाल माझ्यावर टेकवायची आणि हळू बोलायची. खालचा आवाज शोधत होती. राखणदार म्हाताऱ्याचा. सहा महिन्यांनी तिला कसोटीला उभं राहायचं होतं, आणि आता तिला बायकांच्या भूमिका नको होत्या. तिला ते वादळ हवं होतं. रोज ती एकेक पायरी खाली उतरे. मी थरथरून सांगे, आणखी खाली, अजून थोडं. आणि खरंच, शेवटी तिला तळघर सापडलं. जाड, घोगरा, पुरुषी आवाज. दादा तर ऐकून म्हणाला, "आता मीच तुझी धाकटी बहीण वाटतो."

कसोटीचा दिवस आला. दोन मुलांची पाळी आधी झाली. ती तीन-तीन वेळा ओरडली, रुमाल काही हलला नाही. मग काडी आली. निळी फीत काढलेली, दादाचा तोच कोट, आता अंगाला बसणारा. मास्तरांनी माझी पट्टी दोन्ही हातांनी धरली. मी गर्जलो.

"दिवा विझलाय रे! माझ्या आवाजाकडे ये!"

जाड आवाज छान निघाला. आठव्या रांगेपर्यंत गेला आणि तिथेच बसला. शेवटच्या रांगेत रुमाल मांडीवरच. "पुन्हा," मोठे सर म्हणाले. दुसऱ्या वेळी ती आणखी जोर लावून बोलली. दहावी रांग. पुढे नाही. "ऐकू आलं नाही. शेवटची संधी."

मास्तरांनी मला थांबवलं. त्यांनी तिला विंगेत बोलावलं आणि तिच्यासमोर वाकले.

"सहा महिने खाली शोधलंस, चांगलं केलंस," ते हळूच म्हणाले. "ते तुझं जोतं झालं. आता त्याच्यावर उभी राहा आणि तुझ्या आवाजात बोल."

उभी राहा, म्हणाले ते. उभा नव्हे.

"मास्तर, कळेल सगळ्यांना."

"कळेल."

"हाकलतील."

"हाकलतील," मास्तर म्हणाले. "पण आधी ऐकतील."

ती रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एकदा तिने दाराकडे पाहिलं, जिथे बाहेर ती पाटी होती. मग मास्तरांनी पट्टी धरली आणि मित्रांनो, मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो, त्यांनी मला जराही हळू हलवलं नाही. उलट म्हाताऱ्याने अंगातलं असेल नसेल तेवढं बळ लावलं. मीही तिचा लाड केला नाही. लाड केला असता तर तो तिचा अपमान झाला असता. जन्मात गर्जलो नव्हतो एवढा गर्जलो. धूळ पडली, दिव्यांच्या काचा खणखणल्या.

आणि त्या सगळ्यातून तो आला. खाली जाड, वर मोकळा, सबंध. मुलाचाही नाही, म्हाताऱ्याचाही नाही. हरवलेल्या लेकराला हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज.

"दिवा विझलाय रे! माझ्या आवाजाकडे ये!"

तो माझ्या अंगातून असा आरपार गेला की क्षणभर गडगडतोय कोण, मी की ती, हे मला कळेना. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांचे हात पट्टीवरच होते. त्यांनी ऐकलं होतं, मित्रांनो. कान गेल्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्यांनी पुन्हा ऐकलं होतं.

गडगडाट थांबला तरी मी गुणगुणत होतो. कुणीही हलवत नसताना. शेवटच्या रांगेत मोठे सर उभे होते आणि पांढरा रुमाल सरळ वर होता. आपला हात वर गेलाय हेही त्यांना ठाऊक नसावं.

मग त्यांचा चेहरा बदलला. ते मधल्या वाटेने चालत पुढे आले, रुमाल तसाच वर. त्यांनी काडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"हा मुलगा नाही."

"नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"आणि आज मला एका वाक्यात कळलं! साडेतीन वर्षं तुमचे कान कुठे गेले होते?"

मास्तरांनी चष्मा काढला. "कानांचं म्हणाल, सर, तर ते पाच वर्षांपूर्वीच गेले. मी या पत्र्यावर हात ठेवून ऐकतो. लपवलं, ही माझी चूक. पण हाताला पाटी वाचता येत नाही. आवाज खरा की खोटा, एवढंच त्याला कळतं. या शाळेत इतका खरा आवाज दुसरा आला नाही."

काडी पुढे झाली. "सर, मास्तरांना काही करू नका. मी जाते."

मोठ्या सरांनी आपल्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. नियम दोन होते आणि दोन्ही त्यांच्याच शाळेचे होते. शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वर गेलेला रुमाल खाली घेता येत नाही. शनिवारचा प्रयोग हिचा. रविवारी पाटीचा नियम." आणि ते वळून गेले. त्यांच्या रुमालाची घडी पार विस्कटली होती.

शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या रांगेत आई आणि दादा बसले होते. आईने आयुष्यात नाटक पाहिलं नव्हतं. दिवा विझला, मी गर्जलो, राखणदाराने हाक मारली, आणि आई जागची उठून उभी राहिली. मागच्यांनी तिला खाली बस म्हटलं नाही. कारण तेही उभे होते.

रविवारी काडी निघाली. जायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि तळहात ठेवला, मास्तर ठेवायचे तसाच. मास्तरांनीही आपली पेटी उचलली होती. दादाने या वेळी ट्रंक स्वतः घेतली आणि तिघं त्या पाटीखालून बाहेर पडली. मला तेवढंही दिसत नाही विंगेतून. सुतारकाकांनी सांगितलं म्हणून कळलं.

मग दिवस फिरले. सुतारकाका थकले, मोठे सर गेले. यंत्रं आली. एक बटण दाबलं की कुठल्याशा खऱ्या आभाळाचा गडगडाट वाजतो, दरवेळी अगदी तोच. माझ्यामागे रंगाचे डबे रचले गेले. कुणी माझ्यावर सूचना चिकटवल्या, कुणी ओले पडदे वाळत घातले. एकदा दारावरची पाटी काढून आणली आणि उलटी करून त्या डब्यांखाली फळी म्हणून ठोकली. तेव्हा मी समजलो की बाहेर काहीतरी बदललंय. विंगेत मुलींचे आवाज ऐकू यायला लागले.

आणि एका सोमवारी दोन माणसं शिडी घेऊन आली. "हे भंगार आज काढायचंय," एक म्हणाला. उजवा दोर अर्धा सुटलाही होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "थांबा."

त्या एका शब्दाने मी वरपासून खालपर्यंत थरथरलो. शिडीवरचा माणूस घाबरून दोर सोडायचाच. अहो, आवाज येतात आणि जातात, पण हा राहिलेला होता ना!

केस पिकलेले, कान तेवढेच मोठे. शाळेच्या नव्या आवाजाच्या बाई. "तो भंगार नाही," त्या म्हणाल्या. "तो माझ्या वर्गात होता." सुटलेला दोर त्यांनी स्वतः बांधला. मग माझ्यावर तळहात ठेवला आणि दाराशी घुटमळणाऱ्या मुलांमुलींना आत बोलावलं. सगळ्यात मागे एक पोर होतं, अंगठ्याने विंगेची कड खरवडत. मुलगा होता की मुलगी, मी पाहिलंही नाही.

"मला बोलता येत नाही नीट," ते पोर पुटपुटलं. "ऐकू जात नाही कुणाला."

"बोल तू," बाई म्हणाल्या. "मला हाताने ऐकता येतं."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, कडांना गंज धरलाय. मागणं फार नाही. तुमच्या आसपास कुणी हळू बोलत असेल, घाबरत, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलत असेल, तर 'ऐकू येत नाही' म्हणून मोकळे होऊ नका. जवळ जा. हात ठेवून बघा. दिवा विझलेला असला तरी माणूस आवाजाकडे येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, अंगाने ऐकलेलं आहे.

आणि हो, माझा डावा दोर फार झिजलाय. बाईंचं लक्ष नाही अजून. कुणीतरी तेवढं त्यांच्या कानावर घाला.